हौसेला चालतंय

"ताई, दुकान आहे का तुमचं?" असं दुकानदाराने विचारलं तेव्हा काउंटरवर दोन खोकी उघडी होती. एकात जाड नळीचं, चांगलं वजनदार हॉट एअर स्टेशन, म्हणजे गरम हवा मारून सर्किट बोर्डावरचं कथील (सोल्डर) वितळवायचं आणि सुटे भाग काढायचं-बसवायचं मशिन. दुसऱ्यात एका हाताने सहज उचलता येईल असं, पातळ पत्र्याचं, ८५८ मॉडेलचं. पुण्याच्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गणपतीच्या आधीची गर्दी होती, दुकानादुकानांत दिव्यांच्या माळा लुकलुकत होत्या आणि माझ्या मागच्या गिऱ्हाइकाला एलईडीची पट्टी मोजून हवी होती. मी म्हटलं, नाही हो, घरीच करते, हौस म्हणून. झालं. त्याने मोठं खोकं बंद करून मागच्या फळीवर सरकवलं, लहान खोकं माझ्याकडे ढकललं आणि म्हणाला, "मग हेच घ्या. हौसेला चालतंय."

बोलण्यात तुच्छता अजिबात नव्हती. उलट भला माणूस. पंधरा हजारांच्या पुढचा माल खपवायची संधी सोडून तीन हजारांच्या आतलं सुचवणारा दुकानदार काही रोज भेटत नाही. मी ते लहान खोकं घेतलंही. पण पासोड्या विठोबाच्या देवळाच्या बाजूने बाहेर पडून रिक्षा शोधेपर्यंत ते वाक्य काही डोक्यातून जाईना. दुकान असेल तर चांगलं अवजार, हौस असेल तर जे चालेल ते. ऐकायला चोख हिशोब आहे. ज्याचं पोट त्या मशिनवर आहे त्याने भारीतलं घ्यावं, आणि जिला सुट्टीच्या दिवशी जुना स्पीकर उघडून बसायचंय तिने खिशाकडे बघावं. यात खटकण्यासारखं काय होतं ते मला त्या दिवशी सांगता आलं नसतं.

सांगता आलं ते पुढे, आमच्या सोसायटीबाहेरच्या मोबाइलवाल्याकडे उभी राहून.

त्याचं दुकान म्हणजे जिन्याखालचा गाळा. काच, काचेत मोबाइलची कव्हरं, मागे एक टेबल आणि टेबलावर त्याचा ब्लोअर. हॉट एअर स्टेशनला या धंद्यातले बहुतेक लोक ब्लोअरच म्हणतात, फार तर एसएमडी मशिन. त्याचं मशिन जपानच्या हाक्कोच्या ८५०ची चिनी नक्कल आहे. पंप डब्याच्या पोटात, त्यातून मिनिटाला वीस-बावीस लिटर हवा पातळ नळीतून दांड्यात येते आणि दांड्यातल्या कॉइलवरून तापून बाहेर पडते. पडदा नाही, आकडे नाहीत. एक नॉब हवेचा, एक उष्णतेचा, आणि दोन्हींवरच्या खुणा कधीच पुसून गेलेल्या. दांड्याला काळी टेप गुंडाळलेली, तोंडावर नोझल नाही. पंप सतत गुरगुरत असतो, टेबल थरथरत असतं आणि त्या थरथरीची त्याच्या हाताला इतकी सवय झाली आहे की मशिन बंद केल्यावरच तो जरा अस्वस्थ दिसतो.

एकदा माझ्यासमोर त्याने एका फोनची चार्जिंग आयसी, म्हणजे चार्जिंग सांभाळणारी चिप, उचलली. बोर्ड चिमट्यासारख्या स्टँडमध्ये अडकवला, आयसीच्या कडेने सुईने पेस्टचा, म्हणजे कथील नीट वाहावं म्हणून लावायच्या फ्लक्सचा, थेंब सोडला आणि दांडा वरून, वीतभर अंतरावरून, गोल गोल फिरवायला लागला. आधी पेस्ट पातळ होऊन पसरली, आयसीखाली शिरली. मग बारीक बुडबुडे आले, मग धूर. दांडा हळूहळू खाली येत होता, पण फिरायचा थांबला नव्हता. एका हाताने हे, दुसऱ्या हातात चिमटा, आणि तोंडाने कुणाशी तरी फोनवर बोलणं, काचेखालच्या स्क्रीनगार्डच्या भावाबद्दल. कडेचं कथील मळकं होतं ते एकदम चकाकलं. त्याने चिमट्याच्या टोकाने आयसीला जेमतेम टेकवलं. ती जराशी सरकली आणि सोडल्यावर आपसूक पुन्हा जागेवर आली. मगच त्याने ती उचलली. मी विचारलं, किती टेंपरेचरला ठेवलंय? त्याने मशिनकडे असं पाहिलं, जणू हा प्रश्न त्याला कुणी आजवर विचारलाच नव्हता. म्हणाला, "बघून कळतं ना."

तिथे मला गल्लीतल्या वाक्याचं उत्तर सापडलं. ज्याच्या हाताला सवय आहे त्याला भिकार मशिन चालतं. मशिन जे सांगत नाही ते त्याला धूर सांगतो, कथलाची चकाकी सांगते. त्याच्याकडे भंगारातल्या बोर्डांचा डबा आहे, चुकलं तर त्यातली आयसी काढून लावायची सोय आहे. माझ्याकडे यातलं काही नाही. माझ्यापुढे असतो एकच बोर्ड, तो ज्या वस्तूचा आहे ती पुन्हा मिळणार नसते आणि मी दोन महिन्यांनी एकदा दांडा हातात घेते. मग सांभाळून घेणाऱ्या मशिनची गरज कुणाला जास्त? दुकानदाराने खोकी बरोबर उलटी वाटली होती.

अर्थात हे अर्धंच खरं आहे. मोबाइलवाल्याचं मशिन दिवसाचे आठ-दहा तास तापतं, कॉइल जळते, पंपाचा पडदा फाटतो. माझं मशिन वर्षभरात जितकं चालेल तितकं त्याचं एका आठवड्यात चालतं. टिकाऊपणाचे पैसे त्याने भरायचे, मी कशाला भरू? या दोन बाजूंमध्ये मी बरेच दिवस लोंबकळत होते आणि त्या नादात स्वस्त मशिनांबद्दल जरा जास्तच वाचलं, उघडून पाहिलं, मोजलं.

मोजताना पहिला भ्रम फुटला तो खोक्यावरच्या आकड्यांचा. ८५८च्या खोक्यावर सर्रास छापलेलं असतं: ७०० वॉट, १०० ते ४५० अंश, हवा मिनिटाला १२० लिटरपर्यंत. तिन्ही आकडे शेजारी शेजारी, छान ठसठशीत. आता हा हिशोब पावतीच्या मागे करून बघा. मिनिटाला १२० लिटर म्हणजे सेकंदाला २ लिटर. २ लिटर हवेचं वजन साधारण २.४ ग्रॅम. एक ग्रॅम हवा एक अंशाने तापवायला साधारण १ ज्यूल लागतो. खोलीतल्या २५ अंशांवरून ४५० अंशांवर न्यायची तर ४२५ अंशांचा फरक. गुणाकार येतो १०२० वॉट. मशिन ७०० चं. तेवढ्या हवेला ते, एक थेंबही उष्णता वाया गेली नाही असं धरलं तरी, ३१५-३२० अंशांच्या वर नेऊ शकत नाही. म्हणजे खोक्यावरचे तीन आकडे एका वेळी खरे असूच शकत नाहीत. एकतर हवा तेवढी नसते, नाहीतर पडद्यावरचा आकडा घसरतो. फसवणूक म्हणावी इतकंही नाही, प्रत्येक आकडा सुटासुटा बहुधा बरोबर असेल. पण कामाला तिघे एकत्र लागतात.

हा हिशोब केल्यावर मी टेंपरेचरच्या आकड्याकडे बघणं सोडलं. स्वस्त-महाग ब्लोअरमधला खरा फरक हवेचा आहे. बोर्डाला ३५० अंश कळत नाहीत, त्याला दर सेकंदाला किती उष्णता येऊन पोचली ते कळतं. सुईएवढी गरम हवा कितीही तापलेली असली तरी तांब्याच्या रुंद थरावर पडली की थर ती गिळून टाकतो, आणि आपण वैतागून आकडा चढवत जातो. ३५०, ३८०, ४२०. कथील वितळत नाही, शेजारच्या सॉकेटचं प्लॅस्टिक मात्र वितळतं. चांगल्या मशिनमध्ये आपण आकडा खाली ठेवून हवा वाढवतो. क्विकचं ८६१डीडब्ल्यू, चीनमधल्या चांगचौच्या कंपनीचं, हौशी लोक ज्याच्याकडे आशेने बघतात ते, १००० वॉटचं आहे आणि त्याचा पंखा डब्यात आहे. म्हणून तर नळी जाड. ८५८मध्ये पंखा दांड्यातच बसवलाय. त्यामुळे मशिन हलकं, गुरगुर नाही, थरथर नाही, नळीऐवजी नुसती वायर. हे सुख मोठं आहे, त्याची थट्टा करू नये. पण दांड्यातल्या पिटुकल्या पंख्याला जोर नसतो. तोंडावर बारीक नोझल चढवलं की हवा आतल्या आत कोंडते, दांडा गरम होतो आणि बोर्डावर पोचते ती झुळूक. म्हणून माझ्या ८५८बरोबर आलेल्या तीन नोझलांपैकी सगळ्यात बारीक नोझल मी चढवतच नाही. रुंद तोंडाने काम करायचं आणि जे वाचवायचं ते झाकायचं.

झाकण्याबद्दल पुढे सांगते. त्याआधी एक प्रश्न, जो मला हमखास विचारला जातो: रंग खरवडायची हीट गन असते ना, हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी, दीड-दोन हजार वॉटची, ती का नको? तर तिची हवा प्रचंड. बोर्डावर धरली की कथील वितळेपर्यंत सगळं ठीक, वितळल्याक्षणी निम्मे सुटे भाग टेबलाखाली. हीट-श्रिंक नळी आवळायला ती उत्तम आहे, त्यासाठी घ्या.

स्वस्त मशिन घरी आणल्यावर बोर्डावर हवा मारायच्या आधी एक काम करायचं असतं आणि ते करताना मला दरवेळी लायसन्स काढल्यासारखं वाटतं. प्लग सॉकेटात न घालता मल्टिमीटर काढायचा. प्लगच्या वरच्या जाड पिनेपासून, म्हणजे अर्थपासून (अर्थिंगपासून), दांड्याच्या पुढच्या लोखंडी तोंडापर्यंत जोड आहे का बघायचा. मीटर वाजला पाहिजे, आकडा एका ओहमच्या आसपास हवा. ८५८ नावाखाली कितीतरी छाप्यांची मशिनं विकली जातात, आतली जोडणी सगळ्यांची सारखी नसते. काहींत अर्थची वायर डब्यापर्यंत येऊन तिथेच संपते, काहींत स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेला सापडतो. तसं असेल तर बटण बंद केलं तरी आतल्या कॉइलपर्यंत २३० व्होल्ट येऊन थांबलेले असतात. माझ्या मशिनचा अर्थ नीट होता. पण आमच्या जुन्या घराच्या भिंतीतल्या सॉकेटालाच अर्थ नव्हता, हे त्याच दिवशी कळलं. वाड्यांत आणि जुन्या चाळींत हे फार सापडतं. वायरमनला बोलावून ते आधी करून घेतलं. हा खर्च कोणत्याच 'स्वस्त मशिन' या हिशोबात धरलेला नसतो.

दुसरी गोष्ट लाइट जाण्याची. ८५८चा दांडा त्याच्या पाळण्यात ठेवला की पाळण्यातल्या चुंबकामुळे दांड्यातला स्विच पडतो, कॉइल बंद होते, पण पंखा चालू राहतो आणि आकडा १०० च्या खाली आल्यावरच थांबतो. हे फार शहाणपणाचं आहे. पण महावितरणची लाइट गेली की पंखा जागच्या जागी थांबतो आणि लालबुंद कॉइलची सगळी उष्णता दांड्याच्या प्लॅस्टिकमध्ये मुरत बसते. अशा वेळी दांडा तोंड वर करून उभा धरू नये, गरम हवा वर चढते आणि तोंडाकडून बाहेर जायला लागते हे खरं, पण हात भाजायची खात्री. मी तो तसाच लोखंडी पाळण्यात ठेवते आणि लाइट येईपर्यंत खोलीतून बाहेर जात नाही. घरच्या इन्व्हर्टरवर हे मशिन चालवायचा विचारही करू नये.

आता त्या स्पीकरची गोष्ट, ज्याच्यापायी हे सगळं सुरू झालं. जुना ब्लूटूथ स्पीकर, आवाज अजूनही खणखणीत, पण चार्जिंगचं तोंड मायक्रो-यूएसबीचं आणि तेही ढिलं. युरोपने २०२४च्या डिसेंबरअखेरीस नव्या फोनांना आणि अशा छोट्या उपकरणांना टाइप-सी सक्तीचं केलं; आमच्या घरातून मायक्रो-यूएसबीच्या वायरी त्याच्या आधीच नाहीशा होत आल्या होत्या. बदलायचं ठरवलं. उघडला, पहिल्यांदा बॅटरी काढून लांब, दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवली. लिथियमच्या सेलशेजारी साडेतीनशे अंशांची हवा फिरवणं हा विनोदाचा विषय नाही. मग झाकाझाकी. सॉकेटच्या शेजारी दोन गोल कपॅसिटर उभे होते, पलीकडे प्लॅस्टिकचं बटण, त्यापलीकडे स्पीकरची वायर. उष्णता सोसणाऱ्या पिवळ्या कॅप्टॉन टेपचा एक थर, त्यावर अॅल्युमिनियम फॉइलची घडी, पुन्हा टेप. स्वयंपाकघरातली फॉइल चालते.

सॉकेट उचलणं वाटतं तितकं सोपं नसतं, कारण त्याचे चार लोखंडी पाय बोर्डाच्या ग्राउंडला गेलेले असतात आणि ग्राउंड म्हणजे तांब्याचा सगळ्यात रुंद थर. त्यात स्पीकर २००६ नंतरचा. १ जुलै २००६ पासून युरोपात बहुतेक नव्या उपकरणांत शिशाचं कथील बंद झालं, तेव्हापासून जगभरचा माल बिनशिशाचा व्हायला लागला. जुनं ६३ टक्के कथील-३७ टक्के शिशाचं मिश्रण १८३ अंशांना वितळायचं, बिनशिशाचं २१७च्या पुढे. चौतीस अंश ऐकायला किरकोळ वाटतात. ८५८ हातात असताना ते चौतीस अंश म्हणजे काम होणं आणि पॅड (सुटा भाग जिथे जोडतात तो बोर्डावरचा तांब्याचा ठिपका) उखडणं यांच्यातलं अंतर आहे. जुन्या काळातल्या वस्तू, नव्वदीतले वॉकमन, २००१चा गेमबॉय अॅडव्हान्स, स्वस्त ब्लोअरशी इतक्या मायेने का वागतात त्याचं कारण हेच. यावर उपाय म्हणजे आधी साध्या सोल्डरिंग आयर्नने प्रत्येक पायावर थोडं शिशाचं कथील चढवायचं. दोन्ही मिसळली की मिश्रण लवकर वितळतं. बिस्मथ घातलेलं कथील तर १३८ अंशांनाच पाणी होतं, पण ते काम झाल्यावर पुसून काढावं लागतं, नाहीतर जोड ठिसूळ राहतात.

आणि बोर्ड खालून तापवायचा. तवा तापल्याशिवाय आपण धिरडं टाकत नाही, तेच इथे. खालून बोर्ड शंभर-सव्वाशे अंशांपर्यंत आला की वरच्या झुळकेलाही काम जमतं. यासाठी हल्ली तळहाताएवढ्या तापपट्ट्या मिळतात, अॅल्युमिनियमच्या, अगदी स्वस्तातल्याही. त्या मिळायच्या आधी लोक इस्त्री उलटी करून दोन विटांमध्ये बसवायचे, अजूनही बसवतात. इस्त्रीला अर्थ असतो, थर्मोस्टॅट असतो, पृष्ठभाग सपाट. माझ्या मते ते या छंदातलं सर्वांत कमी कौतुक झालेलं अवजार आहे. घरातल्या इतरांना हे पटवणं वेगळं.

मग पेस्ट लावली, रुंद तोंड, हवा मध्यम, दांडा लांबून फिरवत हळूहळू खाली आणला. मोबाइलवाल्यासारखाच, पण त्याच्या निम्म्याने सफाईदार. धूर आला तो खिडकीतल्या पंख्याने बाहेर ओढला. पेस्टमधल्या राळेच्या धुराने दमा जडू शकतो, हे इंग्लंड-युरोपातल्या कामगार आरोग्याच्या नियमांत केव्हाचं नोंदलेलं आहे आणि आपल्याकडच्या जिन्याखालच्या गाळ्यांत कुणी ते मनावर घेत नाही. चकाकी आली. चिमट्याने टेकवलं. सॉकेट हललं नाही. इथेच ओढायची भयंकर इच्छा होते. कथील वितळलं नसताना ओढलं तर तांब्याचा पॅड बोर्डावरून सोलून येतो, मग जंपर, म्हणजे तुटलेल्या जोडाच्या जागी बारीक वायर, मारत बसा. थांबले, हवा अर्धा काटा वाढवली, आकडा तसाच ठेवला. सॉकेट पाण्यावर तरंगल्यागत सरकलं आणि हातात आलं.

टाइप-सीचा नवा तुकडा, म्हणजे सॉकेट असलेला छोटा बोर्ड, बसवताना एक मजेशीर खाच आहे. दोन्ही बाजूंनी टाइप-सी असलेली वायर चार्जरला लावली, तर चार्जर समोरच्याला ओळखल्याशिवाय वीज सोडत नाही. ओळख पटवायला सीसी नावाच्या दोन पिनांवर ५.१ किलो-ओहमचा एकेक रेझिस्टर ग्राउंडला जोडावा लागतो. बाजारात मिळणाऱ्या कित्येक स्वस्त वस्तूंमध्ये पैसे वाचवायला तो गाळलेला असतो, मग ती वस्तू जुन्या चौकोनी तोंडाच्या चार्जरवर चालते आणि नव्यावर रुसते. माझ्या छोट्या बोर्डावर जागा होती, रेझिस्टर नव्हते. ०४०२ आकाराचा रेझिस्टर म्हणजे १ मिलिमीटर लांब, अर्धा रुंद. श्वास जोरात सोडला तरी जातो, ब्लोअरपुढे तर त्याची काय कथा. हवा अगदी किमान, दांडा सरळ वरून, आणि रेझिस्टर चिमट्याने दाबून न धरता नुसता पेस्टमध्ये टेकवलेला. कथील वितळलं तेव्हा तो वाकडा पडला होता. पुढच्या क्षणी वितळलेल्या कथलाच्या ताणाने तो स्वतःच गोल फिरला आणि दोन पॅडांच्या बरोब्बर मध्ये जाऊन बसला.

यासाठी मी हे करते. बाकीचं सगळं, गाणी, चार्जिंग, पैसे वाचणं, हे घरच्यांना सांगायला.

सगळ्याच ठिकाणी हवा मारायची नसते हेही लिहून ठेवते, कारण नवीन ब्लोअर घरात आला की जगातली प्रत्येक वस्तू त्याच्याखाली धरावीशी वाटते. ऐंशीच्या शेवटी आणि नव्वदीत आलेल्या यंत्रांत अॅल्युमिनियमच्या डब्यांचे छोटे गोल कपॅसिटर असतात, कॅमकॉर्डरमध्ये, हातातल्या गेममध्ये, जुन्या मॅकमध्ये. तीस वर्षांनी ते झिरपायला लागतात आणि बदलावेच लागतात. पण त्यांच्या पोटात द्रव असतो. ब्लोअर मारला की फुगतात, कधी फाटकन उडतात आणि माशासारखा घाण वास सुटतो. ते दोन सोल्डरिंग आयर्न दोन बाजूंनी लावून काढायचे. तसंच पावसाळ्यात. आयसीचं काळं प्लॅस्टिक दमट हवा पिऊन बसलेलं असतं. मुंबईत आणि कोकणात तर विचारूच नका. एकदम तापवलं की आतल्या ओलाव्याची वाफ होते आणि आयसी टक् करून आतून तडकते. कारखान्यांत म्हणून आयसी आधी भाजून घेतात, १२५ अंशांवर, कित्येक तास. मी एवढंच करते की जून ते सप्टेंबर बोर्ड खालून नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त वेळ, अगदी मंद तापवते, आणि जी आयसी पुन्हा मिळणार नाही तिला दिवाळीपर्यंत हात लावत नाही.

पैशांचा विचार करायचा तर माझा आता असा ग्रह झाला आहे की मशिनला तीन हजार आणि बाकी गोष्टींना तेवढेच, हे प्रमाण ठीक आहे. चांगली पेस्ट, नकली नसलेली. गोल डबीतली आम्लाची पेस्ट पत्र्याच्या कामाला ठीक, बोर्डावर ती महिन्याभरात हिरवा गंज धरते. चांगला चिमटा. टेप. तापपट्टी. बोर्ड पुसायला आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), मोबाइलवाले थिनर आणि टूथब्रशने भागवतात, पण थिनर काही प्लॅस्टिकं खातो. आणि भंगार. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात स्वस्त. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, तिथे मेलेले सेट-टॉप बॉक्स, राउटर, डीव्हीडी प्लेयरचे बोर्ड ढिगात पडलेले असतात. विकणाऱ्याला वाटतं मी सोनं काढायला नेते. एका राउटरच्या बोर्डावर शंभराच्या वर सुटे भाग असतात, लहान, मोठे, ग्राउंडला चिकटलेले, प्लॅस्टिकच्या शेजारचे. ते सगळे एकेक करून काढायचे आणि पुन्हा बसवायचे. आकड्याकडे न बघता धुराकडे बघायला मी तिथे शिकतेय. मल्टिमीटरबरोबर येणारा टेंपरेचरचा मणी बोर्डावर टेपने चिकटवून, पडद्यावर ३५० असताना बोटभर खाली प्रत्यक्षात किती असतं तेही तिथेच पाहिलं. बरंच कमी असतं, आणि पंख्याचा वेग बदलला की तेही बदलतं.

तर हौसेला ८५८ चालतं का? चालतं. पण दुकानदार म्हणाला त्या अर्थाने नाही. हौस कमी दर्जाची असते म्हणून चालत नाही. हौशी माणसाकडे वेळ असतो म्हणून चालतं. मोबाइलवाल्याला एका सॉकेटमागे पाच मिनिटं मिळतात, पुढे गिऱ्हाईक उभं असतं. मी एका सॉकेटसाठी अख्खी दुपार घालवू शकते, फॉइलच्या घड्या घालू शकते, बोर्ड अर्धा तास तापवत बसू शकते. मशिनची उणीव तो हाताने भरून काढतो, मी वेळेने. आणि ज्यांच्याकडे ना तो हात आहे ना ही दुपार, त्यांनी खरंच ८६१ घ्यावं, दुकान असो वा नसो. लॅपटॉपच्या मदरबोर्डवर, ग्राफिक्स कार्डावर, थरावर थर तांबं असलेल्या मोठ्या बोर्डांवर हात घालणार असाल तर वेळही पुरत नाही, तिथे वॉटच लागतात. मी ती कामं घेत नाही.

हे सगळं मी नाशिकच्या भाच्याला सविस्तर लिहून पाठवलं, तो हॉस्टेलवर असतो आणि त्याला गेमपॅडच्या काड्या, म्हणजे अंगठ्याने फिरवायच्या दांड्या, बदलायच्यात, घासून झिजणाऱ्या पोटेन्शिओमीटरच्या जागी चुंबकावर चालणाऱ्या हॉल सेन्सरच्या. एका काडीला चौदा पाय असतात, चौदाही एका वेळी वितळले पाहिजेत. त्याने यादी वाचली, बेरीज केली आणि लिहिलं, "मावशी, एवढ्यात नवीन गेमपॅड येतो." मी लिहिलं, "दोन येतात." बराच वेळ काही आलं नाही. मग एक फोटो आला: हॉस्टेलच्या पलंगावर ओळीने मांडलेले गेमपॅड, कुणाकुणाचे, एकाची काडी तुटलेली, एकावर चहाचे डाग. खाली प्रश्न, "इस्त्री आहे रूममध्ये. कॉटनवर ठेवू की लिननवर?"